पेंटबॉलचं बॅरल घेताना: बोअर, पोर्टिंग आणि पेंटचं माप

प्रश्न थोडक्यात असा: इलेक्ट्रॉनिक मार्कर (पेंटबॉलची बंदूक) आहे, दाबाच्या हवेची टाकी आहे आणि त्यावर १४ इंची एकसंध बॅरल (पुढची नळी) आहे. बोअर म्हणजे आतला व्यास ०.६९३ इंच, पुढच्या जवळपास अर्ध्या भागात पोर्टिंगची भोकंच भोकं. नवीन खोक्यातला पेंट, म्हणजे रंगाचे बॉल, वापरायला लागल्यापासून मार्करचं तोंड खाली केलं की बॉल घरंगळत बाहेर येतो, क्रोनोवर (वेग मोजायच्या यंत्रावर) वेग २६५ ते २९० फूट प्रतिसेकंद असा नाचतो आणि लांबचे बॉल डावी-उजवीकडे वळतात. ०.६८४ चं बॅरल घ्यावं की वेगवेगळ्या मापांच्या इन्सर्टचा (बॅरलच्या आत बसणाऱ्या नळ्यांचा) संच? आणि पोर्टिंग जास्त हवं की कमी?

यात तीन तक्रारी एकत्र झाल्या आहेत आणि तिघींचं औषध एक नाही. बॉल घरंगळतो तो बोअर मोठा असल्यामुळे आणि बहुतेक डिटेंट (बॉल अडवणारे छोटे अडसर) झिजल्यामुळे. वेग नाचतो त्याला बोअर कारण असेल किंवा रेग्युलेटर, म्हणजे हवेचा दाब नेमून देणारा भाग. बॉल वळतात त्याला मुख्यतः पेंटच कारण असतो. म्हणजे योग्य बोअर घेतलात तर पहिली तक्रार जाईल, दुसरी बरीच कमी होईल आणि तिसरीत फारसा फरक पडणार नाही. हे पैसे खर्च करण्याआधी कळलेलं बरं, म्हणून सुरुवातीलाच सांगतो.

आधी माप. पेंटबॉलला आपण ०.६८ कॅलिबर म्हणतो, म्हणजे १७.२७ मिलिमीटर. पण हे वर्गाचं नाव झालं. प्रत्यक्षात बॉल साधारण ०.६७५ पासून ०.६९५ इंचांपर्यंत कुठेही असू शकतो, आणि आजकालचा बराचसा पेंट या पट्ट्याच्या लहान बाजूला असतो. पूर्वी मोठ्या बोअरची बॅरलं सर्रास मिळायची, तुमचं ०.६९३ त्याच घराण्यातलं दिसतंय. बॉलचं कवच जिलेटिनचं असतं, औषधाच्या मऊ कॅप्सूलचं असतं तसंच. जिलेटिनच्या दोन पट्ट्या साच्यात एकत्र येतात, मधे रंग भरला जातो आणि त्या चिकटतात तिथे सांधा राहतो. त्यामुळे बॉल कधीच शंभर टक्के गोल नसतो. सांध्यावरून मोजाल तर एक माप, सांध्याला आडवं मोजाल तर दुसरं. वर जिलेटिन हवेतला ओलावा ओढून घेतं. सकाळी सील फोडलेली पिशवी दुपारपर्यंत दमट हवेत उघडी राहिली तर तोच पेंट फुगतो आणि मऊ पडतो. थंड, कोरड्या हवेत तोच आकसतो आणि ठिसूळ होतो.

म्हणून ‘माझ्या मार्करला कोणता बोअर लागतो’ या प्रश्नाला उत्तरच नाही. बोअर मार्करला लागत नाही, त्या दिवशीच्या पेंटला लागतो. पेंट बदलला, हवा बदलली की उत्तर बदलतं.

पेंट मोजायला बरेच जण व्हर्नियर कॅलिपर काढतात. बॉल मऊ असतो, कॅलिपरचे जबडे त्याला दाबतात आणि आकडा लहान येतो. शिवाय बॉल कसा धरला त्यावर तो हलतो. मी कॅलिपर बोअर मोजायलाही जपूनच वापरतो, कारण तोंडाशी बॅरलला उतार दिलेला असतो आणि तिथलं माप आतल्या मापापेक्षा मोठं येतं. पेंट मोजायचा तो बॅरलनेच.

पद्धत सोपी आहे. गॉगल डोळ्यांवर ठेवूनच हॉपर (बॉलचा डबा) काढा, हवा बंद करा, सुरक्षित दिशेला उरलेली हवा उडवा, मग बॅरल उतरवा. बॅरल आतून कोरडं आणि स्वच्छ हवं. रंगाची पातळ साय जरी असली तरी बॉल चिकटतो आणि घट्ट बसल्याचा भास होतो. बॅरल उभं धरून मार्करला जोडायच्या आट्यांच्या बाजूने बॉल सोडा. सरळ खालून बाहेर पडला तर बोअर मोठा. अडकला तर त्याच टोकाला तोंड लावून फुंका. हलक्या फुंकरीसरशी पुढे सरकून बाहेर पडला तर मेळ बसला. गाल फुगवून जोर लावूनही हलत नसेल तर बोअर लहान. हे एका बॉलवर ठरवू नका. पिशवीच्या वरचे, मधले, तळाचे असे दहाएक बॉल घ्या, सांधा कधी उभा, कधी आडवा ठेवून बघा. दहातले सात-आठ एकसारखे वागले तर ते तुमचं माप. निम्मे पडतात आणि निम्मे अडकतात असं झालं तर पेंटच एकसारखा नाही आणि त्याला कुठलंच बॅरल वाचवू शकत नाही. हात कोरडे ठेवा, घामट बोटांनी हाताळलेला बॉल मिनिटभरात चिकट होतो.

तुमच्या ०.६९३ मधून सगळे बॉल पडतील हे उघड आहे, त्यातून फक्त ‘मोठा’ एवढंच कळेल. मैदानावर कोणाकडे इन्सर्टचा संच असतोच, तो पाच मिनिटं मागून घ्या. मापाची भोकं पाडलेली पट्टीही मिळते, तीही चालते. ही चाचणी केल्याशिवाय ०.६८४ चं बॅरल घेऊ नका. तो आकडा तुमच्या पेंटला जुळेलही, पण आज तो अंदाज आहे.

आता मेळ म्हणजे नेमकं काय, यावर खेळाडूंमध्ये दोन तट आहेत. एक म्हणतो बॉल अलगद अडकेल असा बोअर घ्या. दुसरा म्हणतो बोअर बॉलपेक्षा थोडा लहानच घ्या, म्हणजे प्रत्येक बॉल, लहान असो की मोठा, सारखाच दाबला जाईल आणि वेग एकसारखा राहील. दुसऱ्या म्हणण्यात तथ्य आहे. मोठ्या बोअरमध्ये काही बॉल भिंतीला टेकतात, काही टेकत नाहीत, आणि हवा प्रत्येकाच्या बाजूने वेगळ्या प्रमाणात निसटते. लहान बोअरमध्ये सगळेच टेकतात. पण दाबणं कवचाला सोसायला हवं. ताजा, किंचित लवचीक पेंट असेल तर मी बॉलच्या मापापेक्षा दोन-तीन हजारांश इंच लहान बोअर लावतो. थंडी असेल आणि पेंट ठिसूळ असेल तर अलगद अडकणाऱ्या मापावर थांबतो, कारण तिथे बॅरलमध्ये बॉल फुटण्याची किंमत जास्त आहे. स्पर्धेचा पेंट मुद्दाम पातळ कवचाचा असतो, म्हणजे समोरच्यावर आपटला की फुटावा. त्याला दाबायला गेलात तर तो तुमच्याच बॅरलमध्ये फुटेल.

मोठ्या बोअरमुळे हवा किती वाया जाते ते आकड्यांत बघू. समजा बॉल ०.६७९ चा आहे, म्हणजे १७.२५ मिलिमीटर, आणि बोअर ०.६८९, म्हणजे १७.५० मिलिमीटर. फरक पाव मिलिमीटरचा, डोळ्यांना दिसतही नाही. पण बॉलभोवती जी कडी मोकळी राहते तिचं क्षेत्रफळ जवळपास ६.८ चौरस मिलिमीटर भरतं, म्हणजे बॉलच्या मागे ३ मिलिमीटर व्यासाचं भोक उघडं ठेवल्यासारखंच. त्यातून हवा बॉलला न ढकलता पुढे पळते. तोच वेग गाठायला मार्करला जास्त दाब किंवा जास्त हवा द्यावी लागते आणि टाकी लवकर संपते. बोअर ०.६९५ असेल तर हीच कडी ११ चौरस मिलिमीटरच्या घरात जाते. तुमचं ०.६९३ त्याच्या अगदी जवळ आहे. योग्य बोअर लावल्यावर एका टाकीत जास्त बॉल मारता येतात, हा फायदा मला प्रत्येक वेळी ठळक दिसलेला आहे आणि तो नेमाच्या फायद्यापेक्षा जास्त खरा आहे.

नेमाबद्दल सविस्तर बोलायला हवं, कारण बॅरलं विकली जातात ती नेमाच्या नावावर. वेग १० फूट प्रतिसेकंदाने इकडेतिकडे झाला तर काय होतं? हवेचा अडथळा बाजूला ठेवून साधा हिशेब करा. ३० मीटरवर २८० फूट प्रतिसेकंद वेगाचा बॉल सुमारे ६१ सेंटिमीटर खाली येतो, २९० चा सुमारे ५७. फरक चार सेंटिमीटरचा. हवेचा अडथळा धरला तर तो थोडा वाढतो, पण तो वर-खाली असतो, डावी-उजवीकडे नाही. तुमचे बॉल बाजूला वळतायत. ते वळवतं कोण? न गोल असलेलं कवच, वर आलेला सांधा, कवचाला पडलेला खळगा, आत डुचमळणारा रंग आणि बाहेरून लागलेला चिकटा. हवेत एका बाजूला अडथळा जास्त झाला की बॉल त्या बाजूला खेचला जातो, आणि तो फिरत फिरत जात असेल तर वाटेत दिशाही बदलतो. यातलं काहीही बोअरने दुरुस्त होत नाही. बॅरलच्या आतल्या चरांनी बॉलला फिरकी देण्याचे प्रयत्न झाले, पण गोल, पातळ कवचाच्या आणि आत द्रव असलेल्या बॉलला तशी फिरकी नीट लागत नाही. मागे पंख असलेल्या लांबुळक्या फर्स्ट स्ट्राइक गोळ्यांची गोष्ट वेगळी, त्यांचा आकारच त्यासाठी घडवलेला आहे.

म्हणून वळण्याची तक्रार असेल तर आधी पेंटकडे बघा. हॉपरमध्ये टाकण्याआधी मूठभर बॉल तळहातावर फिरवा. खळगे दिसतात का, दोन बॉल एकमेकांना चिकटून वेगळे होताना टक् आवाज करतात का, बोटाला तेलकट ओल लागते का. पिशवीत रंग गळालेला असेल तर एक फुटका बॉल बाकी शंभरांना माखतो. अशा बॉलनी भरलेल्या हॉपरला जगातलं सर्वात महागडं बॅरल लावलं तरी नेम सुधारणार नाही. पेंट सावलीत, बंद पिशवीत, फार गरम नाही फार थंड नाही अशा ठिकाणी ठेवा. महिनोन्महिने ठेवायचा असेल तर अधूनमधून पिशवी उलटी करा, नाहीतर तळाचे बॉल वजनाने चपटे होतात.

वेगाच्या तक्रारीत बोअरचा दोष किती आणि रेग्युलेटरचा किती हे क्रोनोवरच कळतं. बॉलच्या मागोमाग बॉल असे दहा शॉट मारा आणि आकडे लिहून ठेवा. मग मिनिटभर थांबून पुन्हा पाच मारा. थांबल्यानंतरचा पहिला शॉट एकदम वेगळा येतो आणि पुढचे स्थिरावतात, असं होत असेल तर आतले ओ-रिंग (रबरी कड्या) कोरडे पडलेत किंवा रेग्युलेटरमधून हवा झिरपून दाब हळूहळू वर सरकतोय. जलद मारताना आकडा पायरीपायरीने उतरत जातो, तर रेग्युलेटरला हवा भरायला वेळ पुरत नाही किंवा टाकी रिकामी होत आलीय. आकडे कुठल्याच क्रमाने न जाता वरखाली उड्या मारतात, तेव्हा संशय पेंट आणि बोअरच्या मेळावर घ्यायचा. तुमचं वर्णन या शेवटच्या प्रकाराशी जुळतं, पण तुम्ही सगळे आकडे दिले नाहीत, फक्त टोकाचे दोन दिलेत, त्यामुळे खात्रीने सांगता येत नाही. चांगला मेळ आणि निरोगी रेग्युलेटर असेल तर वरखाली पाच फूट हा उत्तम निकाल, दहापर्यंत ठीक. तुमचा पंचवीस फुटांचा पट्टा मोठा आहे.

घरंगळण्याचं बघताना डिटेंट विसरू नका. ब्रीचच्या, म्हणजे बॅरलमागे बॉल येऊन पडतो त्या कप्प्याच्या, बाजूला असलेले ते छोटे रबरी किंवा स्प्रिंगचे अडसर बॉलला बोल्टसमोर (बॉल पुढे सारणाऱ्या दांड्यासमोर) थांबवतात. तुमच्यासारख्या इलेक्ट्रॉनिक मार्करमध्ये बहुधा बोल्ट उघडा राहून बॉल ब्रीचमध्येच थांबतो, म्हणजे त्याला रोखण्याचं काम मुळात डिटेंटचं. बॉल सरळ बॅरलच्या तोंडातून बाहेर येतोय याचा अर्थ डिटेंटनी त्याला जाऊ दिलं आणि मोठ्या बोअरनेही अडवलं नाही. बॅरल काढून ब्रीचमध्ये बोटाने बॉल ढकलून बघा, थोडा अडथळा जाणवला पाहिजे. अजिबात जाणवत नसेल तर आधी डिटेंट बदला, तो अगदी किरकोळ खर्च आहे. पंप मार्करवाल्यांची (प्रत्येक शॉटआधी हाताने पंप ओढतात त्यांची) स्थिती उलटी. त्यांच्याकडे बॉल बोल्टने पुढे बॅरलमध्ये सारला जातो आणि ट्रिगर ओढेपर्यंत तिथेच बसून राहतो. धावताना, वाकताना त्याला धरून ठेवायचं काम बरंचसं बॅरलच करतं. म्हणून पंप मार्करला बोअरचा मेळ चैनीचा नाही, गरजेचा.

आता पोर्टिंग. बॉल पहिल्या भोकांच्या ओळीपुढे गेला की मागची हवा बाजूने बाहेर पडायला लागते आणि ढकलणं जवळजवळ संपतं. त्यामुळे वेगाच्या दृष्टीने तुमच्या बॅरलची खरी लांबी म्हणजे आट्यांपासून पहिल्या भोकापर्यंतची लांबी. १४ इंच हा आकडा नुसता खोक्यावर वाचण्यापुरता. तुमचं अर्धं बॅरल भोकांचं आहे म्हणजे बॉलला ढकलायला सातेक इंच मिळतात, आणि त्यातही बोअर मोठा. अनुभवाने सांगतो, आठ इंचांच्या आसपास बिनभोकाचा, नीट मापाचा भाग असेल तर बहुतेक मार्कर आरामात वेग गाठतात. त्याहून बराच कमी असेल तर हवा जास्त लागते, त्याहून बराच जास्त असेल तर बॉल नुसताच भिंतीला घासत जातो.

मग पुढची भोकांची नळी ठेवतात कशाला? एक कारण आवाज. मार्करचा फटाक्यासारखा आवाज बराचसा येतो तो बॉल तोंडातून सुटताना मागची दाबलेली हवा एकदम मोकळी होते त्याचा. भोकांतून ती आधीच टप्प्याटप्प्याने सुटली तर आवाज बसका होतो. दुसरं कारण म्हणजे पोहोच. लांब टिप (बॅरलचा पुढचा तुकडा) असेल तर आडोशाच्या कडेने फक्त बॅरल बाहेर काढून मारता येतं, फुगवलेल्या बंकरला बाजूला रेटता येतं. भोकांच्या भागात बॉल घासला जाऊ नये म्हणून दोन तुकड्यांच्या बॅरलमध्ये पुढचा तुकडा मुद्दाम मोठ्या बोअरचा ठेवतात. इन्सर्टच्या संचात हेच होतं: मागे मापाचा इन्सर्ट, पुढे मोकळी टिप. जोडणीच्या जागी मात्र मागचा भाग लहान आणि पुढचा मोठा असाच क्रम हवा. उलटं झालं तर बॉल त्या ओठावर आपटतो.

किती भोकं पुरेशी, याचा माझा हिशेब असा. १७.३ मिलिमीटर बोअरचं क्षेत्रफळ सुमारे २३५ चौरस मिलिमीटर. ४ मिलिमीटरच्या एका भोकाचं साडेबारा. म्हणजे एकोणीस भोकांत बोअरइतकीच मोकळी वाट तयार होते. त्याच्या दुप्पट, तिप्पट झाल्यावर पुढे आणखी भोकं पाडून मला आवाजात जाणवेल असा फरक आढळलेला नाही. भोकं गोल आहेत, लांबट आहेत की नागमोडी ओळीत आहेत याला मी महत्त्व देत नाही. नागमोडी ओळीने बॉलला फिरकी मिळते असं ऐकाल, पण भोकातून बाहेर जाणारी हवा बॉलला पकडून फिरवत नाही. दिसायला छान म्हणून घ्या, हरकत नाही.

भोकांच्या आतल्या कडा मात्र बघायच्याच. कान साफ करायची कापसाची काडी घ्या आणि बॅरलच्या आतून प्रत्येक ओळीवरून हळूच फिरवा. कुठे कापसाचा धागा अडकून ओढला गेला तर तिथे धातूची धार राहिलीय. ठिसूळ कवचाला तेवढी धार पुरते. स्वस्त बॅरलमध्ये हे नेहमी सापडतं, आणि म्हणूनच घरी ड्रिल लावून भोकं वाढवू नका असं मी कळकळीने सांगतो. भिंत पातळ असते आणि आतली कड नीट घासायला आपल्याकडे साधन नसतं. बॉल फुटल्यावर भोकांतून थोडा रंग आपोआप बाहेर फेकला जातो हे खरं, पण उरलेला भोकांच्या कडांवर वाळतो. स्वॅब (बॅरल आतून पुसायचा बोळा) बोअर पुसतो, भोकं पुसत नाही. खेळ संपल्यावर बॅरल कोमट पाण्यात बुडवून ठेवा, आतला रंग पाण्यात विरघळतो. मऊ ब्रशने भोकं मोकळी करा आणि पूर्ण वाळवूनच पिशवीत टाका.

आता तुमचं. पहिलं काम डिटेंट आणि क्रोनोवरचे दहा शॉट. दुसरं, कोणाचा तरी संच घेऊन फुंकरीची चाचणी. तुम्ही नेहमी एकाच मैदानावर, एकाच प्रकारचा पेंट वापरत असाल आणि हवाही फार बदलत नसेल, तर एकच नीट मापाचं बॅरल पुरे. चाचणीत जो आकडा येईल तो, किंवा त्याच्या खालचा. मिळेल तो पेंट मारत असाल, वर्षभर खेळत असाल, तर संच घ्या, पण आठ इन्सर्टचा घ्यायची गरज नाही. ०.६७९, ०.६८४ आणि ०.६८९ या तिघांत बहुतेक दिवस भागतात. सकाळी एकदा तपासा, दुपारी हवा दमट किंवा गरम झाली तर पुन्हा तपासा. बॅरल मागवताना आटे तुमच्या मार्करचे आहेत ना हे बघून घ्या, सगळ्या मार्करना एकच आटे नसतात.

आणि पोर्टिंगबद्दल: आट्यांपासून आठ इंच कोरे आणि पुढे चार ते सहा इंच मध्यम भोकांची टिप असं मिळालं तर ते तुमच्या खेळाला पुरेसं आहे.

बोअर बदलल्याबरोबर मैदानात उतरू नका. ०.६९३ वर २९० लावलेला मार्कर ०.६८४ लावल्यावर हवा निसटायची थांबल्याने सहज ३०० च्या वर जाऊ शकतो, आणि बहुतेक मैदानांची मर्यादा २८० ते ३०० च्या दरम्यान असते. प्रत्येक बदलानंतर आधी वेग खाली घ्या, गॉगल लावून क्रोनोवर जा, मग हळूहळू वर आणा. नवीन बॅरलवरचे ते दहा आकडे आणि फुंकरीच्या चाचणीचा निकाल इथे लिहा, म्हणजे इन्सर्ट एक माप खाली न्यायचा की नाही ते बघून सांगतो.